बोडकी आली

गाडी होती म्हनून लोकं आमाले मोठे समजत, अन् घरी पाहुना आला त त्याले बसवाले दुसरी खाट नव्हती. कामरगावात तवा मोटारी दोनच. एक पाटलाची जीप, अन् एक आमची. जीपमधी बारा मानसं, दोन बकऱ्या अन् सरकीचं पोतं मावे. आमचीत मावत दोन. दोन म्हंजे दोनच, तिसऱ्यानं पायी या.

माह्या नवऱ्याचं नाव इंद्रभान. पह्यले मी नाव घेत नव्हती, आता घेतो. या वयात कोन काय करते माहं? इंद्रभान कारंज्याच्या जिनात, कापसातली सरकी काढाच्या कारखान्यात, फिटर होते. तिथं कापसाच्या कंपनीचा एक साहेब होता, त्याची ही विलायती गाडी. हिरवी, बसकी, समोर चार हात लांब तोंड, चाकायले सायकलसारख्या तारा, अन् डोक्यावर काही नाही. होतं म्हने एक कापडी छप्पर, ते उंदरायनं कधीच खाल्लं. साहेब कायमचा मुंबईले चालला तवा त्याचं सामान ट्रकात चढलं अन् गाडी राह्यली. "इंद्रभान, तुझ्याशिवाय ही कोनाचं ऐकत नाही, तूच घेऊन जा," म्हने. मंग यायनं जिनाची नोकरी सोडली, गावोगावच्या विहिरीवरचे ऑइल इंजिन दुरुस्त कराचा धंदा धरला, अन् त्या धंद्याले ही गाडी जुंपली.

शर्यतीची गाडी हाय म्हने ती, विलायतेत साहेबलोक हौसेनं पळवतात. आमची हौस पाहा. तिच्यात पिस्टन गेले, पट्टे गेले, ज्वारीचं पोतं दळाले गेलं, माही सासू दवाखान्यात गेली, अन् बकरीचं पिल्लू त माह्या मांडीवर बसून बाजारात गेलं. बसाले इतकी खाली का रस्त्यावरचा गोटा हातानं उचलून घ्या. उतराचं असन त कोनी हात द्या लागे. उन्हाळ्यात गादी तापे, म्हनून मी तिच्यावर गोधडी टाकली. पान्याच्या दिवसात इंद्रभान चालवत अन् मी छत्री धरून बसत होती. एकदा धनजच्या उतारावर छत्री उलटी झाली अन् उडून वावरात गेली. मी वरडून राह्यली, "थांबवा, थांबवा!" अन् हा बाबा म्हनते, "समोर चढ हाय, थांबलो त चढनार नाही." एकदा बाजारातून तिखट दळून आनलं अन् वाटंत पुडी सुटली, तवा आमचं दोघायचं जे झालं ते सांगत नाही.

गाडीवाटेले बैलबंड्यायच्या चाकानं नाल्या पडलेल्या, मधात उंच वरंबा. बंडी मजेत जाते, हिचं पोट घासे. मंग इंद्रभान एक चाक वरंब्यावर अन् एक कडेच्या गवतात घालून गाडी तिरपी चालवत, अन् मी त्यायच्या अंगावर कलंडलेली. त्या कलंडन्याचा मले कधी राग आला नाही, हे बी सांगून टाकतो.

नाव भागीनं ठेवलं. भागी म्हंजे भागिरथा, आमची एकुलती एक पोर. गाडी आली तवा आठ वर्साची असन. आमच्या घरी एक बिनशिंगाची बकरी होती, तिले आमी बोडकी म्हनो. पोरीनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या अन् म्हनली, "आई, हिच्या बी डोक्यावर काही नाही. ही बी बोडकीच!" झालं. आधी घर म्हने, मंग आमचा मोहल्ला, मंग सारं कामरगाव. "इंद्रभानची बोडकी कुठं गेली?" "बोडकी धनजले गेली." "बोडकी बिमार हाय, उठून नाही राह्यली." इतके वर्सं तोंडात घोळून घोळून त्या शब्दाचा अर्थच झिजून गेलता. आमच्यासाठी बोडकी म्हंजे गाडी, दुसरं काही नाही.

तिसऱ्याले जागा नाही म्हनलं खरं, पन भागीले होती. दोन गाद्यायच्या मधात हत्याराची पेटी, पेटीवर पोतं, पोत्यावर भागी. समोरची काच धरून उभी राहे अन् दिसन त्याले हाक मारे, मंग तो वळखीचा असो का नसो. घरी आली का तिचे केस धुता धुता माहे हात दुखत. मोठी झाली, पेटीवर मावेनाशी झाली, तवा मी माही गादी तिले देल्ली अन् सोता पायी जाले लागली.

लग्न मेडशीच्या देवमनसंगं झालं. शाळेत मास्तर, शांत पोरगा. सासरा उकंडराव कोनाच्या अध्यात ना मध्यात. घर चाले ते सासूच्या, सोजरबाईच्या हातानं. लग्न कामरगावले लागलं, अन् नवरानवरी मेडशीले बोडकीतून गेले. भागी गादीवर, देवमन मांगच्या फळीवर बसून पाय आत सोडलेले, अन् इंद्रभान चालवाले. मांगून ट्रकात आमच्या गावचे पोट्टे. त्यायनं मेडशीच्या येशीपासून जे बोंबलनं सुरू केलं, "बोडकी आली! बोडकी आली!" तिथले पोट्टे बी सामील झाले. मी नव्हती, नवरीची आई वरातीसंगं जात नाही. पन इंद्रभाननं वापस येऊन सांगितलं का सारी मेडशी वट्ट्यावर उभी राहून हसून राह्यलती. सांगता सांगता ते बी हसत.

मंग पह्यली दिवाळी आली. पह्यल्या दिवाळीले पोरीले न्या लागते. न्याले मुराळी जाते, म्हंजे बाप नाही त भाऊ. आई मुराळी होत नाही, अन् भागीले भाऊ नाही. इंद्रभाननं गाडी धुतली, चाकाच्या तारा राखेनं घासल्या. निघाच्या आदल्या दिवशी मेडशीहून एक मानूस निरोप घेऊन आला. पोरीले न्याले खुशाल या, पन ते गाडी आनू नका.

"काहून?" इंद्रभाननं इचारलं.

"ते मले नाही सांगितलं बा."

मले मात्र तवाच समजलं. म्हंजे, समजलं असं वाटलं. सवाष्ण सून, लग्नाले वर्स नाही झालं, तिले बिनटपाच्या उघड्या गाडीत कोन बसवीन! लुगड्याचा पदर डोक्यावरून खाली आला त त्यायचा संसार बुडते! मी लय बोलली. "छप्पन साली दीक्षा घेतली, देव पान्यात सोडले, अन् अपशकुन तेवढे घरात ठेवले वाटते!" इंद्रभान रागावले का बोलत नाही, निस्ते बसते. दिवे लागनीले म्हनले, "माही गाडी चालत नाही त मी बी चालत नाही. भागी या गाडीत वाढली. येईन त याच गाडीत येईन."

अन् बसले. त्या दिवाळीले बसले, मंग अखाडीच्या सनाले बसले, मंग दुसऱ्या दिवाळीले बसले. इकडं यायचा हट्ट, तिकडं त्यायचा, अन् मधात माही पोर. कारंज्याची यष्टी याची वेळ झाली का मी कायच्या ना कायच्या निमित्तानं पारापाशी जात होती. न जानो, कोनासंगं धाडली असन त. कंडक्टर मले वळखाले लागला. मी इचाराच्या आधीच म्हने, "आज बी नाही व मावशी." मी त्याच्यावर खेकसली, "तुले कोनं इचारलं? मी मीठ घ्याले आली!" घरात मीठच मीठ झालं.

मधात एकदा भेट झाली. मालेगावात सोयऱ्याची मयत होती, तिथं ती बी आली. गळ्यात पडून आमी मायलेकी लय रडलो. मयतीत रडाले कोनी हटकत नाही. पन बोलाले भेटलं नाही, बाया चहूकडून बसलेल्या. तिच्या हाताले भेगा होत्या अन् आंगाले दुसऱ्याच घरच्या चुलीचा वास येत होता. तो वास मी घरी येईपर्यंत नाकात धरून ठेवला.

मंग पौषात निरोप आला का भागीले दिवस हायत, फाल्गुनात सातवा लागन. पह्यलं बाळंतपन माहेरचं. मेडशीच्या नर्सबाईनं सांगितलं का यष्टीचे धक्के चालनार नाही, तीन ठिकानी उतरनं चढनं त मुळीच नाही, हळूहळू गाडीनं न्या. अन् शेवटी तेच. पन ते गाडी नको. मले हसावं का रडावं समजेना. मंग का पालखी आनू? पाटलाची जीप होती, पन आमी मांगावं अन् त्यानं द्यावं, असं आमच्यात अन् त्याच्यात नव्हतं.

त्या दिवशी मी भांडली. तसं भांडन आमच्या घरात आधी झालं नव्हतं, मंग बी झालं नाही.

"तुमाले पोर पाह्यजे का गाडी पाह्यजे, ते एकदा सांगून टाका!" मी म्हनलं. "दोन वर्सं झाले, त्या मयतीबिगर मी तिच्या आंगावरून हात नाही फिरवला. तुमी बाप हा का कोन हा? उद्या तिथं तिले कळा सुटतीन, ते 'आई' म्हनून वरडन, अन् तिची आई इथं तुमच्या गाडीच्या तारा घासत बसन!"

इंद्रभान उठून भायेर गेले. मले वाटलं, गेले आता, दोन दिवस बोलत नाही. पन सकाळी उठून पाहतो त गाडी नाही. धनजले गेलते, शालिग्राम बुरडाकडं.

शालिग्राम दमन्यायचे टप विने. दमनी म्हंजे बायामानसायची झाकलेली बैलगाडी. त्याले इंद्रभाननं मोटारीचं माप घ्याले लावलं. त्या गाडीले ओरखडा पडला त या मानसाले घास गोड लागत नव्हता, अन् त्यानं सोताच्या हातानं दोन्हीकून पत्र्याले भोकं पाडले. त्याच्यात बांबूच्या कमच्या खोचल्या, वर तट्टे बांधले, आतून माह्या जुन्या लुगड्याचं अस्तर. हिरवी विलायती गाडी, अन् डोक्यावर बैलगाडीचा टप! साऱ्या गावानं हसून घेतलं. "इंद्रभान, आता बैल कुठं जुंपतं?" म्हनत. इंद्रभान वट्ट्यावर बसून पाहत राह्यले, अन् त्या दिवशी जेवले नाही.

"आता त बोडकी नाही ना राह्यली?" मले म्हनले.

"आता कायची बोडकी," मी म्हनलं. अन् माहा जीव त्या मानसासाठी तुटला, खरंच सांगतो.

फाल्गुन लागला तशे आमी निघालो. मी बी संगं गेली. आई मुराळी होत नाही त नाही, मी मुराळ्याची बायको म्हनून गेली. येताना माह्या गादीवर भागी बसन अन् मी दुसऱ्या दिवशी यष्टीनं येईन, असं ठरलं. मांडीवर भागीसाठी चिंचेचा गोळा, फुटाने अन् मुरमुऱ्याचे लाडू. रस्त्यानं दोन्हीकून पळस फुललेला. टपात वारं घुसे अन् सारा टप करकर करे, म्हनून इंद्रभान बैलाच्या चालीनं गाडी चालवून राह्यलते. शेलूबाजारात चहा प्याले थांबलो त हाटेलातले लोकं कप हातात घेऊन भायेर आले. एकानं इचारलं, "हे काय हाय हो बाबा?" इंद्रभान म्हनले, "दमनी हाय. बैल आतून बसवले." ते हसले. लय दिवसानं हसले.

वाटंभर मी गादीवरची गोधडी सारखी करत राह्यली. इथं तिची पाठ येईन, इथं तिचे पाय. आठव्यात काय खाऊ घालाचं, नवव्यात काय, सारं ठरवून टाकलं. घरात कुठं खाट टाकाची, ते बी ठरवलं. खाट एकच हाय, मंग आमी खाली झोपू. मले इतकी खुशी होती का मालेगाव कधी गेलं ते समजलं नाही.

मेडशीच्या येशीपाशी पोट्टे खेळून राह्यलते. एकानं पाह्यलं अन् वरडला, "बोडकी आली रे! बोडकी आली!" दोन वर्सं झाले तरी इसरले नव्हते मेले. टप घालून का फायदा? सारे मांगं धावत आले, थेट दारापर्यंत.

सोजरबाई दारात उभी होती. तिचं तोंड उतरलेलं मी पाह्यलं, पन मले त्याचं काय होतं! तिच्या मांगून भागी आली. जड झालती, हळू चालत होती. मी तिले धरलं, तिच्या तोंडावरून, पाठीवरून, पोटावरून हात फिरवला. ती म्हनली, "आई, किती वाळली व तू." मी म्हनलं, "तू नाही ना वाळली, बास."

अन् मंग मले जोर आला. दोन वर्सं मनात साठवलेलं होतं, ते तोंडातून भायेर पडलं. चांगली मोठ्यानं, अंगनभर ऐकू जाईन अशी म्हनली, "घ्या इहीनबाई! तुमाले बोडकी नको होती ना घरात? पाहा, टप घातला तिले. डोक्यावर पदर आला. आता त बोडकी राह्यली नाही? आता त पाठवान ना माही पोर?"

सोजरबाईच्या मांगं धाडकन तांब्या पडला. सारं पानी उंबऱ्यावर.

दारात रुख्मिणी उभी होती. देवमनची मोठी बहीन. तिचा नवरा भागीच्या लग्नाच्या सालातच वारला, अन् ती तवापासून माहेरी राहे. हे मले मालूम होतं. कोनी सांगितलं, मी "अरेरे" म्हनलं, अन् इसरून गेली. तिचं कपाळ मोकळं होतं. तिनं माह्याकडं पाह्यलं, पडलेल्या तांब्याकडं पाह्यलं, अन् तांब्या न उचलता आत गेली.

"आई!" भागी म्हनली. माही पोर माह्यावर कधी अशी वरडली नव्हती.

मले अजून बी समजलं नव्हतं. खरं सांगतो, अजून बी नव्हतं समजलं.

"बसा इहीनबाई," सोजरबाई म्हनली. तिनं मले वट्ट्यावर बसवलं, अन् आवाज न चढवता बोलाले लागली. "लग्नाच्या वेळेले रुख्मिणीचा नवरा जाऊन दोन महिने बी नव्हते झाले. मांडवात आली नाही ती. मी म्हनलं, घरी राय, पन भावाची नवरी दारात आली का तूच ओवाळ. आपल्यात आता कोनी काही म्हनत नाही. ते नाही नाही म्हने. मीच बळजबरीनं नवं लुगडं नेसवलं, हातात फुलायचं ताट देल्लं, अन् याच उंबऱ्यावर उभी केली. अन् तिकून पोट्टे बोंबलत आले. बोडकी आली, बोडकी आली. सारा गाव हसून राह्यलता. तिले वाटलं, नवरा गेला म्हनून तिलेच बोडकी म्हनून राह्यले. ताट खाली ठेवलं अन् आत गेली. तवापासून भायेरचं मानूस आलं का हे पोरगी चुलीपासून उठत नाही. आज भागीची आई आली म्हनून पह्यल्यांदा सोताहून पानी घेऊन आली."

ज्या बाईले मी दोन वर्सं अपशकुनी म्हनून शिव्या देल्ल्या, तिनं विधवा पोरीच्या हातात ओवाळनीचं ताट देल्लं होतं. अन् मी आताच साऱ्या गल्लीसमोर काय बोलून बसली होती!

"मंग निरोपात सांगाचं ना बाई," मी म्हनलं.

"कोन्या तोंडानं सांगू? कारन सांगाचं म्हनलं त तोच शब्द त्या निरोप्याच्या तोंडात द्या लागे."

भागी रडाले लागली. "नाव मीच ठेवलं होतं ना व आई. मी ताईले सांगितलं, आमच्या बकरीचं नाव हाय ते म्हनून. तिनं ऐकून घेतलं. पन ऐकल्यानं का जाते ते?"

इंद्रभान अंगनात उभं राहून सारं ऐकून राह्यलते. ते आत आले, चपला काढल्या, अन् स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन उभे राह्यले. आत पाह्यलं नाही. भिंतीकडं पाहून बोलले, "रुख्मिणी, पोरी, मले मालूम नव्हतं. मी तिकडं दोन वर्सं माहाच मान कुरवाळत बसलो. माफ कर माय."

आतून रुख्मिणी म्हनली, "गाडीनं का केलं काका. गाडीले का समजते?"

अन् मंग म्हनली, "मले पाहू द्या ते. आजवर मी पाह्यलीच नाही."

ती भायेर आली. पोट्टे अंगनात दाटी करून उभे होते. सोजरबाईनं त्यायच्याकडं अशी नजर टाकली का एकाचं बी तोंड उघडलं नाही. रुख्मिणीनं गाडीभोवती चक्कर मारली, चाकाच्या तारेवर बोट फिरवलं, अन् टपाकडं पाहून तिले हसू आलं. "हे काय लावलं हो डोक्यावर? काढता येते का?"

"येते ना," इंद्रभान म्हनले, अन् गाठी सोडाले लागले. इतक्या कष्टानं घातलेला टप दोन मिनिटात खाली आला. अंगनात ठेवला, त लगेच कोंबड्या त्याच्याखाली जाऊन बसल्या.

"मले एक चक्कर मारता, काका?"

सोजरबाई वाटेतून बाजूले सरली. रुख्मिणी माह्या गादीवर, म्हंजे आता भागीच्या गादीवर बसली. डोक्यावरचा पदर दातात धरला. गाडी अंगनातून निघाली, गल्लीतून गेली, अन् मोठ्या सडकेकडं वळली. आमी तिघी दारात उभ्या. लोकं वट्ट्यावर आले, पन हसलं कोनी नाही. दूरून इंजिनाचा आवाज चढत गेला. इंद्रभान सकाळपासून बैलाच्या चालीनं आलते, आता त्यायनं गाडी मोकळी सोडली.

वापस आली तवा पदर खांद्यावर होता, केस सारे सुटलेले, तोंडावर धूळ, अन् वाऱ्यानं डोळ्यातून पानी आलेलं. "लय वारं लागते व आई!" म्हनली, अन् हसली. सोजरबाईनं तोंड भिंतीकडं केलं अन् पदरात रडली. भागी माह्या कानात म्हनली, "आई, मी ताईले हसताना आज पह्यल्यांदा पाह्यलं."

मंग सोजरबाईनंच घाई केली. "चाल भागी, बस. उन्हं उतरले का वारं गार होते." तिनं सोता सुनेच्या डोक्याले फडकं बांधलं, मी गोधडी सारखी केली, लाडवाची पिशवी पायापाशी ठेवली. "हळू न्या हो," आमी दोघी इहिनी एकाच वेळी म्हनलो. इंद्रभाननं मान हालवली. गाडी निघाली. भागीनं मांगं पाहून हात केला. दोन वर्सं जिची वाट पाह्यली, ते पोर माह्या घरी चालली, अन् मी तिच्या घरी उभी. पन सकाळी यष्टी होती. एक रात तर काढाची होती.

संध्याकाळी मी रुख्मिणीजवळ चुलीपाशी बसली. भाकरी ती थापे, मी शेके. तिचे केस तसेच सुटे होते, विंचरले नव्हते.

"मावशी," ती म्हनली, "भागीले मुराळी आला. मले कोनी येईन का व न्याले?"

"तू त माहेरीच हाय ना पोरी," माह्या तोंडून निघून गेलं.

"म्हनूनच त. सासरचे नेत नाही. अन् माहेरी राह्यते तिले माहेरी न्याले कोन येईन?" ती रागानं नाही म्हनली. तव्यावरची भाकरी फुगली होती, तिकडं पाहत म्हनली.

मी तिचा पिठाचा हात धरला. "मी धाडतो मुराळी. येत्या दिवाळीले भागीचा बाप येईन तुले न्याले. आमच्या घरी चार दिवस राह्यजो, मी तुह्ये केस धुवून देईन."

तिनं हात सोडवून दुसरी भाकरी थापाले घेतली. मी समजली, बाईले पटलं नाही, लोकं असं बोलतच राहतात.

सकाळी यष्टीची वेळ झाली. माही पिशवी घ्याले मी आतल्या खोलीत गेली. माह्या पिशवीच्या बाजूले खुंटीवर दुसरी एक पिशवी टांगलेली होती. आत दोन लुगडे घडी करून, एक फनी, एक नवा साबन, अन् वरून घट्ट गाठ मारलेली. रुख्मिणी दारात उभी होती. मी पाह्यलं, हे तिनं पाह्यलं.

"राहू द्या ते टांगलेली," ती म्हनली. "दिवाळीले ऐन वेळेले धांदल नको."

तवा अजून होळी बी झाली नव्हती.